शाळेच्या अंगणातील शेती

हंटर आयोगापुढे १८८२ साली दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी प्राथमिक शाळांसाठी जो अभ्यासक्रम सुचविला, त्यात मोडी, बालबोध व हिशेब यांच्या जोडीला शेतीचे प्राथमिक ज्ञान होते. इतकेच नव्हे, तर लहानसे नमुन्याचे शेत असावे आणि तेथे मुलांना प्रत्यक्ष शिकविले जावे, असेही त्यांनी म्हटले होते. पुढे १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेतून गांधीजींची नई तालीम आली. दोन्ही विचारांचा गौरव आपण पुष्कळ केला. बहुतेक शाळांतली शेती मात्र खरीप-रब्बी पिकांच्या यादीपलीकडे गेली नाही.

पालकांना हे नको असते, असे सांगण्यात येते, आणि ते खोटे नाही. ‘खुरपेच धरायचे होते, तर पोराला शाळेत कशाला घातले?’ असे विचारणाऱ्या शेतमजुराला अडाणी ठरविण्याचा अधिकार कोणालाही नाही. मुलांच्या उत्पादनातून शिक्षकाचा पगार निघावा, ही नई तालीमच्या मूळ योजनेतील अपेक्षा होती आणि तिच्यावर त्याच वेळी टीका झाली होती. श्रम आणि शिक्षण यांची ही गल्लत टाळली पाहिजे. शेतकऱ्याच्या मुलाला निंदणी शिकविण्याची गरज नाही. ती त्याला गुरुजींपेक्षा अधिक येते. घरी ज्याची सवड नसते, ते ‘का?’ विचारण्याचे स्वातंत्र्य त्याला शाळेने द्यावे.

उदाहरण सोयाबीनचे घ्यावे. २०२० च्या खरिपात पेरलेले बियाणे उगवले नाही म्हणून राज्यात हजारो तक्रारी झाल्या आणि अनेकांवर दुबार पेरणीची पाळी आली. घरचे बियाणे पारखण्याची रीत कृषी खाते वर्षानुवर्षे सांगत आले आहे. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत शंभर दाणे मांडावयाचे, गुंडाळी करून ती ओलसर ठेवावयाची आणि आठवड्याच्या आत कोंब मोजावयाचे. सत्तर उगवले तर बियाणे नेहमीच्या प्रमाणात पेरण्यास योग्य. कमी उगवले तर प्रमाण वाढवावयाचे. चौथीच्या वर्गाने हे केले, तर शेकडेवारीचा धडा येण्यापूर्वीच शेकडेवारी हाती लागते. पण खरा अभ्यास पुढे सुरू होतो. न उगवलेले तीस दाणे का कुजले? साल फुटली होती काय? पोती आपटली गेली होती काय? एका घरच्या बियाण्याचे ऐंशी कोंब आणि दुसऱ्या घरचे पन्नास, असे का? सोयाबीनच्या दाण्याची साल पातळ असते व आपटल्याने अंकुराला इजा होते, हे मग पाठ करावे लागत नाही. तो आकडा घेऊन मूल घरी जाते, तेव्हा बापही ऐकतो.

यात उत्तर चुकण्याची मुभा हवी. हरभऱ्याचा वाफा वाळला म्हणजे प्रयोग फसला, असे तपासणीस आलेल्या अधिकाऱ्याला वाटता कामा नये. वाळण्याचे कारण वर्गाने शोधले की नाही, एवढेच त्याने पाहावे. माहितीचे तक्ते भरण्यात दिवस घालविणाऱ्या शिक्षकाकडून ही चिकाटी मागताना त्याचे इतर काम कमी करावे लागेल, हेही उघड आहे.

राज्यात बहुतेक ठिकाणी शाळा जूनच्या मध्यास उघडतात आणि पेरणीची वेळही तीच. गोणपाट गावात मिळते, दाणे मुले घरून आणतील. त्या पहिल्या आठवड्यातील रोजची दहा मिनिटे तेवढी वेळापत्रकात शोधावयाची आहेत.