बोंडअळीचे गणित वर्गापर्यंत पोहोचावे

लोहारा (जि. यवतमाळ) : उत्क्रांतीचे गणित हा केवळ विद्यापीठांचा विषय नाही, याचा धडा कापूस उत्पादक यवतमाळ जिल्ह्याने मोठी किंमत मोजून घेतला आहे.

२००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी देताना शेताभोवती बिगर-बीटी कापसाचा पट्टा राखण्याची अट होती. ४५० ग्रॅम बीटी बियाण्यासोबत १२० ग्रॅमचे वेगळे पाकीट त्यासाठीच दिले जाई. अनेकांना हा पट्टा म्हणजे वाया जाणारी जमीन वाटली.

त्यामागचा हिशेब मात्र साधा होता. प्रतिकारक जनुकाचे प्रमाण हजारात एक असेल, तर ते दोन्ही पालकांकडून मिळालेली अळी दहा लाखांत एक सापडते. तिचा पतंग पट्ट्यातील सामान्य पतंगाशी जुळला, तर संतती बीटी झाडावर तगत नाही. पट्टाच नसेल, तर प्रतिकारक पतंग आपसांतच जुळतात आणि त्यांचे प्रमाण पिढीगणिक वाढते.

गुजरातेत गुलाबी बोंडअळीचा प्रतिकार २०१० मध्ये जाहीर झाला. २०१७ मध्ये यवतमाळात दोन जनुकांचे बीटीही निष्प्रभ ठरले. त्याच हंगामात कीटकनाशकांच्या विषबाधेने वीसहून अधिक बळी गेले.

नैसर्गिक निवडीला गणिती रूप देणारे जे. बी. एस. हाल्डेन १९५७ मध्ये भारतात स्थायिक झाले. त्यांची सूत्रे आज साध्या संगणकावरही पिढ्यान्‌पिढ्या चालवून पाहता येतात. कृषी विद्यार्थ्यांनी कामगंध सापळ्यांतील पतंगांच्या नोंदी घेऊन हा हिशेब स्वतः मांडला, तरच पुढील अट शेतकऱ्याला जाच न वाटता पटेल.