बाळाचें गाऱ्हाणें

मोठ्या माणसास दुखलें खुपलें तर तें बोलून दाखवितें. दोन महिन्यांच्या बाळास तें साधत नाहीं. तें रडतें, दूध सोडतें, कण्हतें किंवा मलूल पडून राहतें. भूक, पोटदुखी, ताप, अपुरी झोप, या सर्वांची भाषा त्याच्यापाशीं जवळजवळ एकच. मग घरांत तर्क सुरू होतात. आजी म्हणते दृष्ट लागली, शेजारीण म्हणते पोट धरलें, आणि वडिलांचें लक्ष घड्याळाकडे; त्यांना विरारहून सुटणारी लोकल गांठावयाची असते.

हा प्रश्न आजचा नव्हे. नेपाळांत सांपडलेल्या हस्तलिखितावरून 'काश्यपसंहिता' १९३८ सालीं मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यांतून प्रसिद्ध झाली. बालकांच्या रोगांना वाहिलेल्या या प्राचीन ग्रंथांत 'वेदनाध्याय' आहे. न बोलणाऱ्या मुलाची वेदना कशी ओळखावी, हाच त्याचा विषय. कान दुखत असल्यास मूल हातांनीं कानास स्पर्श करितें, पोट दुखत असल्यास स्तन सोडून रडतें, असें तेथें सांगितलें आहे. यांतील प्रत्येक खूण आजच्या कसोटीस उतरेलच असें नाहीं. कान चोळणारें मूल पुष्कळदां नुसतें झोपेला आलेलें असतें. परंतु आधीं निरीक्षण, मग औषध, हा क्रम खरा.

हा क्रम उलटला कीं अनर्थ होतो. एके काळीं मुंबईंत गिरणीवर जाणाऱ्या बायका मुलांना अफूची बाळागोळी देत. मूल निजे, रोग मात्र जागाच राही. आजही उरलेलें औषध किंवा अनोळखी गुटी देऊन रडें थांबविणें हा त्याच जातीचा प्रकार होय.

वस्तुतः निरोगी बाळाचें रडें दुसऱ्या महिन्याच्या सुमारास फार वाढतें, त्यांतही तिन्हीसांजेस. आणि तीन-चार महिन्यांनंतर बहुधा आपोआप ओसरतें. बाळ दूध नीट पीत असेल, त्याचें वजन वाढत असेल, लघवी नेहमींसारखी होत असेल, तर आईनें स्वतःस दोष देऊं नये. ती थकली तर दुसऱ्यानें बाळ घ्यावें. संतापून त्याला हिसडणें मात्र प्राणघातक ठरूं शकतें.

भय आहे तें निराळ्या गोष्टीचें. गडचिरोलींत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनें १९९५ पासून ३९ खेड्यांत गांवच्याच बायकांना नवजात बाळें तपासावयास शिकविलें. आधीं नीट असलेलें रडें क्षीण होणें, हातपाय ढिले पडणें, दूध ओढणें कमी होणें, अंग तापणें किंवा गार पडणें, अशा खुणा त्यांना पढविल्या. दोन खुणा एकदम दिसल्या कीं जंतुदोष समजून उपचार करावयाचा. तिसऱ्या वर्षीं तेथील नवजात बालमृत्यूंचें प्रमाण, तुलनेच्या खेड्यांशीं ताडून पाहतां, शेंकडा ६२ नीं घटलें. हा वृत्तांत १९९९ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत आला.

त्या यादींत 'आधीं' हा शब्द आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. बाळ काल कसें होतें हें ज्यास ठाऊक, त्यासच आज तें बिघडलें हें कळणार. आमच्या वसई-विरारकडे पुष्कळ घरीं आई सकाळच्या गाडीनें मुंबईस जाते व बाळ आजीपाशीं किंवा सांभाळणाऱ्या बाईपाशीं राहतें. म्हणजे तें 'आधीं' दोघींत विभागलेलें. म्हणून घरांत एक साधी वही असावी. दूध किती वेळां प्यालें, लघवी किती वेळां झाली, झोप कितपत लागली, एवढें तींत टिपावें, आणि बाळाबरोबर वहीही हातीं द्यावी.

दोन महिन्यांच्या आंतील बाळास १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप आला, अंग ९६ अंशांच्या खालीं गेलें, दूध तोडलें, श्वास मिनिटास ६० किंवा त्याहून अधिक चालूं लागला, छाती आंत ओढूं लागली, आंचके आले, किंवा उठवूनही तें जागें होईना, तर संध्याकाळच्या गाडीची वाट पाहूं नये. त्याच घटकेस त्याला डॉक्टरांकडे न्यावें. रडणाऱ्या बाळाकडे सारें घर धांवतें. एरवीं रडणारें बाळ एकाएकीं गप्प झालें, तर त्याहून अधिक त्वरेनें धांवावें.