उपलब्ध नसलेला गडी

मराठी वृत्तपत्रांच्या क्रीडापानावर गेल्या दहा-बारा वर्षांत एक वाक्य चांगलेच रुळले आहे : 'दुखापतीमुळे अमुक खेळाडू पुढील सामन्यांसाठी उपलब्ध नसेल.' वाक्य निरुपद्रवी वाटते. त्यात माहिती आहे, सभ्यपणा आहे आणि वाचकाला हवे तेवढेच सांगण्याची तत्परताही आहे. तरीही आमचा या वाक्यावर आक्षेप आहे, आणि तो केवळ शुद्धाशुद्धतेचा नाही. 'उपलब्ध' या शब्दाच्या मुळाशी 'लभ्' हा धातू आहे. जे मिळते, मिळवता येते ते उपलब्ध. पाणी उपलब्ध असते, बियाणे उपलब्ध असते, गाडीत जागा उपलब्ध असते. माणूस मात्र आजारी पडतो, जखमी होतो, जायबंदी होतो. त्याला 'अनुपलब्ध' म्हटले की दुखणे त्याचे राहत नाही. ज्याला तो मिळायचा होता त्याचे ते नुकसान ठरते. गुडघा एकाचा निखळतो आणि हळहळ दुसऱ्यासाठी व्यक्त होते.

ही भाषा आली कोठून, हे शोधायला फार दूर जावे लागत नाही. २०१४च्या जुलैमध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि मातीतला खेळ मॅटवर, दिव्यांच्या झोतात आणि दूरचित्रवाणीच्या पडद्यावर गेला. या बदलाचे आम्ही विरोधक नाही. ज्या खेळाचे प्रात्यक्षिक अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६मध्ये बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी दाखवले, ज्याच्यासाठी बुवा साळवींसारख्या माणसाने आयुष्य वेचले, त्या खेळातल्या पोरांना चार पैसे मिळू लागले तर कोणाच्या पोटात दुखावे? पण पैशाबरोबर लिलाव आला आणि लिलावाबरोबर लिलावाची भाषा आली. खेळाडू 'विकला गेला', 'राखला गेला', 'सोडला गेला' आणि शेवटी 'उपलब्ध नसला'. यांतली बहुतेक क्रियापदे कर्मणी आहेत. त्यांचा कर्ता नेहमीच वाक्याबाहेर बसलेला असतो.

दोन उदाहरणे सर्वांच्या स्मरणात असतील. कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई २०१८च्या हंगामात यू मुंबाकडून अशा चढाया करत आला की लोकांनी त्याला 'बाहुबली' म्हटले. पुढल्याच वर्षी तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख रुपये मोजले. २०२१-२२च्या हंगामात तो तीन सामने खेळला आणि दुखापतीने बाहेर गेला. त्याच्या संघाला २२ सामन्यांत एकच विजय मिळाला. त्या काळातली चर्चा आठवून पाहावी. संघाचे काय होणार, बदली चढाईपटू कोण, पैसे वाया गेले का, हे सगळे बोलले गेले. त्या तरुणाच्या शरीरात नेमके काय बिघडले, तो केव्हा बरा होईल, दुखण्याची सुरुवात कधी झाली आणि ते अंगावर काढून तो किती खेळला, हे विचारण्याची गरज फारशी कोणाला वाटली नाही. दुसरे उदाहरण अस्लम इनामदारचे. २०२३मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात तो होता. १ मार्च २०२४ रोजी त्याच्याच नेतृत्वाखाली पुणेरी पलटण पहिल्यांदा विजेती झाली. त्याच वर्षीच्या पुढल्या हंगामात गुडघ्याच्या दुखापतीने त्याला बाहेर बसवले आणि गतविजेता संघ बाद फेरीही गाठू शकला नाही. २०२५मध्ये तो परतला आणि त्याने संघाला पुन्हा अंतिम सामन्यापर्यंत नेले. त्याचे परतणे अभिमानास्पद आहे. मात्र ज्याच्यामागे संघ, फिजिओ आणि शस्त्रवैद्य उभे आहेत त्याचे परतणे पुढे करून, ज्यांच्यामागे कोणीच नाही त्यांना 'जिद्द ठेव, तोही परतलाच ना' असा उपदेश केला जातो. आमचा विरोध त्याला आहे.

या चर्चेत अमेरिकेचे उदाहरण हमखास येते. तेथील फुटबॉल, म्हणजे अंडाकृती चेंडूचा, शिरस्त्राण घालून अंगावर कोसळण्याचा खेळ, हा दुखापतींचाच खेळ आहे. नॅशनल फुटबॉल लीगमध्ये सामन्याच्या आठवड्यात प्रत्येक संघाला जखमी खेळाडूंची यादी जाहीर करावी लागते : कोणाचा कोणता अवयव दुखावला आहे, सरावात कोण पूर्ण उतरला, कोण अर्धवट, आणि खेळण्याच्या दृष्टीने कोण अनिश्चित, कोण साशंक, कोण बाहेर. ही पद्धत करुणेतून जन्मली, असा कोणाचा समज असेल तर तो दूर व्हावा. १९४६च्या अंतिम सामन्यापूर्वी न्यूयॉर्कच्या संघातील खेळाडूंना लाच देण्याचा प्रयत्न उघडकीस आला, आणि जखमींची माहिती गुपचूप जुगाऱ्यांच्या हाती पडू नये म्हणून आयुक्त बर्ट बेल यांनी ती सर्वांसाठी उघडी केली. यादी जुगाराच्या धास्तीने आली. पण ती आली, आणि दुखापत नोंदली जाऊ लागली.

त्या नोंदीमुळे खेळाडू सुखी झाले, असेही नाही. २००२मध्ये माइक वेबस्टर हा नामवंत खेळाडू वारला. त्याच्या मेंदूची तपासणी करणारे डॉ. बेनेट ओमालू यांनी २००५मध्ये आपला शोधनिबंध प्रसिद्ध केला. वर्षानुवर्षे डोक्याला बसलेल्या धक्क्यांनी मेंदू झिजतो, हे त्यातून पुढे येताच लीगच्या वैद्यकीय समितीतील मंडळींनी तो निबंधच मागे घ्यावा, अशी मागणी केली. पुढे हजारो माजी खेळाडू न्यायालयात गेले. २०१३मध्ये लीगने ७६.५ कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. न्यायाधीशांना ती रक्कम अपुरी ठरेल अशी शंका आल्यावर वरची मर्यादाही उठली. मालकवर्ग तेथेही आपल्यासारखाच आहे. फरक इतकाच की तेथे खेळाडूंची संघटना आहे, करार आहे, नोंद आहे आणि त्या नोंदीच्या आधारे भांडता येते. आपण त्यांच्याकडून झगमग, आकडेवारी आणि 'उपलब्धता' हा शब्द उचलला. संघटना, करार आणि नोंद मात्र समुद्रापलीकडेच राहिली.

आणि हा शब्द वातानुकूलित क्रीडागारांत थांबलेला नाही. मलकापूर, मोताळा, नांदुरा या आमच्या पट्ट्यात पिकाचे पैसे हाती आले की गावोगाव कबड्डीचे सामने भरतात. फलकावर पहिल्या बक्षिसाचा आकडा मोठ्या अक्षरांत असतो, सौजन्य करणाऱ्यांची छायाचित्रे त्याहून मोठी असतात. डॉक्टरचे नाव कोठेच नसते. मैदानाशेजारी रुग्णवाहिका नसते, बर्फ नसतो, पायाला आधार द्यायला फळी नसते. चढाईपटूचा घोटा पकडणाऱ्याच्या हातात आणि बाकीचे अंग मध्यरेषेच्या दिशेने, अशा पेचात गुडघ्यातला स्नायुबंध तुटतो तेव्हा पोरगा उचलून कडेला निजवला जातो आणि राखीव खेळाडू आत येतो. दुसऱ्या दिवशी हाडवैद्य, आठवड्याने मालीश, महिन्याभराने कोणाच्या तरी सांगण्यावरून अकोला किंवा जळगाव, आणि तेथे शस्त्रक्रियेचा खर्च ऐकून परत घर. आम्ही महाविद्यालयात शिकवतो. अशी मुले आमच्या वर्गांत मागच्या बाकावर पाय लांब करून बसतात. त्यांच्या नावापुढे खेळातली कामगिरी लिहिलेली असते. गुडघ्याविषयी कोठेच काही लिहिलेले नसते.

ही मुले दुखणे लपवतात. का लपवतात, हे समजून घेतल्याशिवाय या प्रश्नाला हात घालता येणार नाही. कापसाच्या गावात राहणाऱ्यांना ते समजावून सांगावे लागू नये. सीसीआयच्या खरेदीत कापसात आठ टक्क्यांहून अधिक ओलावा निघाला की भाव कापला जातो, बारा टक्क्यांच्या वर गेला की माल परत येतो. जिथे माणसाचाच भाव ठरतो तिथे तो आपला ओलावा स्वतःहून कसा सांगेल? कोट्यवधींच्या लिलावात उभा असलेला खेळाडू जे करतो, तेच जिल्ह्याच्या निवड चाचणीत उभा असलेला मुलगा करतो. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. त्यासाठी वरच्या पातळीवरील कामगिरीचे प्रमाणपत्र लागते. ते मिळवायचे तर संघात असावे लागते. संघात असायचे तर 'उपलब्ध' असावे लागते. म्हणून सुजलेल्या गुडघ्याला पट्टी बांधून तो उतरतो. आणि गुडघा गेला की केवळ कबड्डी जात नाही. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत सोळाशे मीटर धावण्याला पन्नासपैकी वीस गुण आहेत. ज्या भागात तरुणांची पहाट भरतीच्या सरावाने उजाडते, तिथे हे वीस गुण म्हणजे एका घराचे भवितव्य असते. खाशाबा जाधव १९५२मध्ये हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले आणि १९५५मध्ये पोलीस दलात रुजू झाले. गुडघ्याच्या दुखापतीने त्यांचे पुढले ऑलिंपिक हुकले. त्यांच्या हाती निदान नोकरी होती. आमच्या मुलांचा गुडघा नोकरीच्या आधी जातो.

मुलींची कथा याहून वाईट. २०१६मध्ये तीन संघांची महिला स्पर्धा प्रो कबड्डीबरोबर झाली; तिचे दुसरे वर्ष उगवले नाही. ज्यांच्यासाठी लिलावच नाही त्यांच्या अनुपलब्धतेची बातमी कोण देणार? मुलीचा पाय दुखावला की घरातले म्हणतात, बरे झाले, आता खेळ बंद. दुखापत तिच्या बाबतीत शिक्षेचे निमित्त होते.

यावर दिली जाणारी उत्तरे आम्हांला ठाऊक आहेत. पहिले उत्तर : हा रांगडा खेळ आहे, लागायचेच. लागणे खेळाचा भाग आहे हे मान्य. उपचारावाचून राहणे हा कोणत्या खेळाचा भाग आहे? दुसरे उत्तर : खेळाडू स्वखुशीने उतरतो. एकोणीस वर्षांच्या मुलाला स्नायुबंध म्हणजे काय, तो तुटल्यावर किती महिने जातात, खर्च कोणाचा, हे कोणीच सांगितलेले नसताना त्याच्या खुशीला संमती म्हणणे ही पळवाट आहे. तिसरे उत्तर : सरकारी विमा आहे की. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला वीस रुपयांत दोन लाखांचे संरक्षण मिळते हे खरे. पण ते मृत्यूला, आणि हात, पाय, डोळे कायमचे गमावण्याला. तुटलेला स्नायुबंध त्या तक्त्यात बसत नाही. पोरगा जिवंत असतो, दोन्ही पाय जागेवर असतात, आणि तरीही तो धावू शकत नाही. चौथे उत्तर सर्वांत प्रामाणिक : पैसे कोठून आणायचे? बक्षिसाच्या रकमेतून. पहिले बक्षीस थोडे लहान करा, फलक थोडा लहान करा, पाहुण्यांचे फेटे आणि शाली कमी करा.

आमच्या मागण्या साध्या आहेत. ज्या सामन्यांना बक्षिसाची रक्कम आहे, त्यांना परवानगी देताना मैदानावर डॉक्टर आणि खेळाडूंचा अपघाती उपचारांचा विमा या अटी जिल्हा संघटनेने आणि प्रशासनाने घालाव्यात. अट न पाळणाऱ्या सामन्यांना अधिकृत पंच मिळू नयेत. प्रत्येक महाविद्यालयाच्या क्रीडा विभागात दुखापतींची वही असावी. कोण, केव्हा, कशाने, पुढे काय झाले, हे त्यात लिहिले जावे, आणि त्या वहीतल्या नोंदीमुळे कोणाचेही संघातले स्थान कायमचे जाऊ नये. लीगमधल्या मराठी खेळाडूंच्या हाती पडणारे करार मराठीतही असावेत, आणि दुखापतीच्या काळातले मानधन किती, उपचार कोठवर, हे त्यांत स्पष्ट असावे. आणि आमच्या क्षेत्रापुरते : मराठीत क्रीडावर्णन करणाऱ्यांनी 'वेदना विसरून', 'दुखापतीवर मात करून' ही विशेषणे जरा जपून वापरावीत. वेदना विसरण्यासाठी नसते. ती शरीराने दिलेली बातमी असते, आणि बातमी दडपणे हे पत्रकारितेचे काम नव्हे.

आपल्या जुन्या हुतूतूत गडी 'मरतो' आणि 'जिवंत' होतो. संजीवनी प्रकारात प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला एक परत येतो. गामिनीत सगळा संघ बाद होईपर्यंत मेलेला बाहेरच राहतो. अमर प्रकारात गडी मरतच नाही, फक्त गुण लिहिला जातो. आज लीगचे नियम संजीवनीचे आहेत, पण खेळाडूंशी आपले वागणे गामिनीचे आहे. चढाईपटूला एकदा तरी निदानरेषा ओलांडावी लागते, नाही तर तो बाद. आयोजक, संघटना, महाविद्यालये आणि आम्ही लिहिणारे, आपण सगळे वर्षानुवर्षे निदानापर्यंत न जाता माघारी फिरत आलो आहोत. आम्हांला बाद कोणी दिलेले नाही. बाहेर बसला आहे तो ज्याचा गुडघा गेला तो. पुढल्या हंगामाचे फलक छापायला जाण्यापूर्वी आयोजकांनी त्याच्या घरी एकदा जाऊन यावे, आणि तो 'उपलब्ध' का नाही हे त्याच्याच तोंडून ऐकावे.