डाग लागलेल्या खेळाडूस सर्वोच्च सन्मान द्यावा काय?

खेळाडूचे कसब, त्याने वर्षानुवर्षे गाळलेला घाम आणि त्याने राखलेली खिलाडूवृत्ती या तिहींची समाजाने दिलेली पोचपावती म्हणजे पुरस्कार. पदक कोणाचे हे घड्याळ, पट्टी आणि गुणफलक ठरवितात. सन्मान मात्र माणसे विचार करून देतात. म्हणूनच उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणात ज्याचे नाव आले त्यास त्याच्या खेळातील सर्वोच्च सन्मान द्यावा की नाही, हा प्रश्न क्रीडा संघटनांपुरता उरत नाही. आपणा डॉक्टर मंडळींचा तर या प्रश्नाशी दुहेरी संबंध आहे. समाजाचे घटक म्हणून आपण सन्मान देणाऱ्यांत आहोत, आणि ती द्रव्ये बहुतांशी आपल्याच औषधांच्या कपाटातली आहेत.

सुरतेत उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत स्थिरावलेल्या आपल्या मराठी, विशेषतः खानदेशी कुटुंबांत कुस्तीचे प्रेम अद्याप टिकून आहे. गावाकडील यात्रेतल्या दंगलींच्या गोष्टी येथे जन्मलेल्या मुलांनीही ऐकलेल्या असतात, आणि महाराष्ट्र केसरीची गदा कोणी उचलली याची चौकशी तापीकाठीही होते. त्यामुळे नरसिंग यादव यांचे प्रकरण आपल्यापैकी अनेकांच्या जिव्हारी लागले होते.

मुंबईत वाढलेल्या या मल्लाने २०११, २०१२ आणि २०१३ अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरीचा मान मिळविला. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण, २०१४ च्या आशियाई स्पर्धेत कांस्य आणि २०१५ च्या जागतिक स्पर्धेत कांस्य, अशी त्याची चढती कमान होती. २०१२ साली अर्जुन पुरस्कारही लाभला. रिओ ऑलिंपिकच्या तोंडावर, २५ जून २०१६ रोजी, सोनीपत येथे घेतलेल्या त्याच्या मूत्राच्या नमुन्यात मेटॅनडायनोन हे स्टेरॉइड आढळले. ५ जुलैच्या नमुन्यातही ते आढळले. आपल्या अन्नपाण्यात कोणीतरी हे द्रव्य मिसळले, असे त्याचे म्हणणे होते. ‘नाडा’च्या समितीने १ ऑगस्टला ते मान्य करून त्यास निर्दोष ठरविले. परंतु जागतिक संस्था ‘वाडा’ने या निर्णयाविरुद्ध दाद मागितली आणि १८ ऑगस्ट रोजी क्रीडा लवादाने त्याच्यावर चार वर्षांची बंदी घातली.

लवादाचा निष्कर्ष आपण वैद्यकीय दृष्टीने समजून घेतला पाहिजे. नमुन्यातील अंशांचे प्रमाण पाहता हे द्रव्य गोळीच्या रूपाने आणि एकाहून अधिक वेळा घेतले गेले असावे, असे तज्ज्ञांचे मत होते. घातपाताची शक्यता सांगितली गेली, पण तिला प्रत्यक्ष पुराव्याचा आधार मिळाला नाही. भावना नरसिंगच्या बाजूने होत्या; औषधशास्त्र मात्र त्याच्या बाजूने उभे राहिले नाही. आपण रोज रुग्णाच्या आर्जवापेक्षा तपासणीच्या अहवालावर विश्वास ठेवतो. मग मल्ल आपला आहे म्हणून वेगळा न्याय लावता येणार नाही.

तरीही त्याच्या आधीच्या गदा आणि अर्जुन पुरस्कार परत घ्यावेत, असे मी म्हणणार नाही. त्या काळाविषयी त्याच्यावर कोणताही दोष सिद्ध झालेला नाही, आणि संशयाच्या बळावर भूतकाळ पुसणे हा न्याय नव्हे. बंदी संपल्यावर तो पुन्हा आखाड्यात उतरला, हेही योग्यच झाले. शिक्षा भोगलेल्यास आपला व्यवसाय करण्याचा अधिकार आहे. परंतु खेळण्याचा अधिकार आणि सर्वोच्च सन्मानाचा अधिकार या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिला प्रत्येकाचा असतो. दुसरा कोणाचाच नसतो, तो समाज देतो. जाणूनबुजून उत्तेजक घेतल्याचा निर्णय कायम असेपर्यंत कोणत्याही खेळाडूस खेलरत्नासारखा सन्मान देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र ‘डाग’ हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो, आणि माझा खरा आक्षेप तेथे आहे. मुष्टियोद्धा अमित पंघल याचे उदाहरण पाहा. २०१२ साली, अगदी कोवळ्या वयात, त्याच्या नमुन्यात स्टेरॉइड आढळले. कांजिण्यांवरील उपचारात ते पोटात गेले, असे त्याने सांगितले आणि एका वर्षाची बंदी भोगली. २०१८ साली त्याने आशियाई सुवर्ण आणि २०१९ साली जागतिक रौप्य जिंकले, तरी अर्जुन पुरस्काराचे दार त्याच्यासाठी बंदच राहिले. पुढे शिक्षा पूर्ण केलेल्यांचा विचार होऊ लागला आणि त्यास २०२२ चा पुरस्कार मिळाला. हा बदल मला न्याय्य वाटतो. विषमज्वरातून उठलेल्या माणसास जन्मभर रोगी म्हणून वागविणे जितके अनुचित, तितकेच हेही अनुचित होते.

क्रिकेटपटू पृथ्वी शॉ याची कथा तर आपल्याला आणखी जवळची आहे. २२ फेब्रुवारी २०१९ रोजी इंदूर येथील सामन्याच्या वेळी घेतलेल्या त्याच्या नमुन्यात टर्ब्युटालीन सापडले. खोकल्याच्या औषधातून ते अनवधानाने घेतले गेले, हा त्याचा खुलासा क्रिकेट मंडळाने मान्य केला आणि आठ महिन्यांची बंदी घातली. टर्ब्युटालीन असलेली खोकल्याची बाटली आपल्यापैकी कोणी लिहून दिली नाही? येथे खेळाडूकडून सावधगिरीत कसूर झाली हे खरे, पण फसवणुकीची वृत्ती दिसत नाही. अशा खेळाडूची आणि महिनोन्महिने स्टेरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्याची एकाच पंक्तीत गणना करणे म्हणजे विवेक गमावणे होय.

अमेरिकेतही हा वाद गाजला. बेसबॉलमध्ये ७६२ होमरनांचा विक्रम नावावर असलेल्या बॅरी बाँड्सला क्रीडा लेखकांच्या मतदानात दहा वर्षे संधी मिळाली, पण आवश्यक ७५ टक्के मते २०२२ या अखेरच्या वर्षीही पडली नाहीत. त्याचे विक्रम पुस्तकात आहेत, मानाच्या दालनात मात्र त्याची प्रतिमा नाही. विक्रमाची नोंद ठेवणे हे इतिहासाचे काम आणि गौरव करणे हे समाजाचे, हा भेद तेथील लेखकांनी पाळला. लान्स आर्मस्ट्राँगची सात विजेतेपदे २०१२ साली काढून घेतली गेली, कारण तेथे जिंकण्याचा पायाच खोटा ठरला होता.

कोणी म्हणेल, शिक्षा भोगली, आता पुन्हा शिक्षा कशाला? याचे उत्तर त्या खेळाडूच्या मागे दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या क्रमांकावर राहिलेल्यांकडे पाहून द्यावे लागते. सन्मानाची संख्या मोजकी असते. एकास दिला की दुसऱ्याचा राहतो. सन्मान उशिरा पोहोचला तर काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १९५२ साली हेलसिंकी येथे स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारे खाशाबा जाधव १९८४ साली निवर्तले, आणि अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो २००० साली, मरणोत्तर. निष्कलंक माणूस वाट पाहत असताना आपण डागाळलेल्यास माळ घालावी, हे कोणत्या तराजूत बसते?

माझ्या मते तीन कसोट्या पुरेशा आहेत. द्रव्य हेतुपुरस्सर घेतल्याचे सक्षम लवादाने ठरविले असल्यास सर्वोच्च सन्मान नाही. अनवधान मान्य झाले असल्यास शिक्षेनंतर मार्ग पूर्ण मोकळा. आणि केवळ कुजबुज असल्यास ती विचारातच घेऊ नये. यासोबत एक पुस्तीही हवी : सन्मानित कामगिरीच्या काळातील फसवणूक पुढे सिद्ध झाली, तर दिलेला सन्मान परत घेण्याची तरतूद असावी.

आता आपल्या अंगणाकडे वळतो. २०२३ साली भारतात ५,६०६ नमुने तपासले गेले आणि त्यांतील सुमारे ३.८ टक्के दोषी आढळले. मोठ्या प्रमाणावर चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण लाजिरवाणे आहे. या आकड्यामागे काही लबाड आहेत, तसेच काही अजाण मुलेही असतील. फ्युरोसेमाइड, इन्सुलिन, टर्ब्युटालीन ही आपली नित्याची औषधे खेळाडूस निषिद्ध आहेत. स्टेरॉइडची इंजेक्शने २०२२ पासून आणि ट्रामाडॉल २०२४ पासून स्पर्धेच्या काळात वर्ज्य आहे. वैद्यकीय गरज खरी असेल तर रीतसर पूर्वपरवानगी घेता येते. म्हणून तरुण रुग्णास ‘तू स्पर्धेत खेळतोस का?’ एवढा एक प्रश्न विचारून तो केसपेपरवर नोंदवावा. व्यायामशाळेतून ‘अंग भरण्याचे’ इंजेक्शन मागायला येणाऱ्या मुलास स्पष्ट नकार द्यावा, आणि वृषणांवर, यकृतावर, हृदयावर त्याचे काय परिणाम होतात हे त्याच्या वडिलांदेखत सांगावे.

२०३० साली राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादेत भरणार आहेत. त्यांत आपल्या सुरतेतील एखादा मराठी मुलगा किंवा मुलगी उतरावी, ही आपली सर्वांची इच्छा. त्या मुलाच्या गळ्यातील पदकाबद्दल कोणाच्या मनात शंका येऊ नये, याची थोडीशी जबाबदारी आपल्या लेखणीवरही आहे. सन्मान कोणास द्यावा हे पुरस्कार समित्या ठरवितील. तो निष्कलंक राहावा म्हणून जे करता येण्याजोगे आहे, ते आपण आपल्या दवाखान्यातून उद्यापासून करू शकतो. वाचकांनी, विशेषतः व्यवसायबंधूंनी, याचा विचार करावा, ही विनंती.