पाहुण्याची खोली कुणी काढून टाकली?

'जुने सायन्स फिक्शन सिनेमे बघवत नाहीत, नव्यात निदान इफेक्ट्स तरी असतात,' असं आमचे तरुण मित्र ठासून सांगतात. मी 'द डे द अर्थ स्टूड स्टिल' हा रॉबर्ट वाइजचा १९५१ चा चित्रपट पुन्हा पाहिला, आणि लगेच त्याचा २००८ चा रिमेकही. माझं मत स्पष्ट आहे. रिमेकने इफेक्ट्स घातले आणि मूळ प्रश्न काढून टाकला. तो प्रश्न आपल्या रोजच्या जगण्यातला आहे, म्हणून हा खटाटोप.

जुन्या चित्रपटात क्लाटू नावाचा परग्रहवासी वॉशिंग्टनला उतरतो. राष्ट्राध्यक्षांसाठी आणलेली भेटवस्तू तो पुढे करतो आणि एक घाबरलेला सैनिक गोळी झाडतो. जगातल्या सगळ्या देशांशी एकत्र बोलायचंय, ही त्याची मागणी. ती मान्य होत नाही. मग साधी माणसं कशी आहेत ते पाहायला तो रुग्णालयातून निसटतो, 'कार्पेंटर' हे नाव घेतो आणि एका बोर्डिंग हाउसमध्ये भाड्याने खोली मिळवतो.

चित्रपटाचा जीव तबकडीत नाही, या खोलीत आहे. सकाळी नाश्त्याच्या टेबलावर तो परका किती घातक असेल याची चर्चा रंगते. एक बाई तर सुचवते की तो परग्रहावरचा नसून पृथ्वीवरूनच आलाय. म्हणजे कुठून, हे शीतयुद्धाच्या काळात वेगळं सांगायला नको. आणि ज्याच्याबद्दल हे चाललंय तो त्याच टेबलावर बसून निमूट ऐकतोय! खरं नाव सांगितलं असतं तर त्याला ती खोली मिळाली असती का? फोनवर 'या ना, खोली बघून जा' म्हणणारा घरमालक नाव कळताच 'अहो, कालच गेली' म्हणतो, हे मी स्वतः तीनदा ऐकलंय. हा प्रसंग समजायला मला समीक्षकाची गरज नाही.

आता २००८ चा रिमेक पाहा. स्कॉट डेरिकसनचं दिग्दर्शन, कियानू रीव्हज क्लाटू. बोर्डिंग हाउस नाही, नाश्त्याचं टेबल नाही, शेजारी नाहीत. आणि हा क्लाटू येतो तोच पृथ्वी वाचवण्यासाठी माणसांचा निकाल लावायला. धातूच्या किड्यांचे थवे अख्खं स्टेडियम खाऊन टाकतात. म्हणजे पहिल्याच मिनिटाला गोळी झाडणारा बरोबरच होता की! जुन्या चित्रपटाने संशय घेणाऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. रिमेकने त्याची निर्दोष सुटका केली.

तेही कोणत्या वर्षी? ग्वांतानामोत माणसं खटल्याविना डांबलेली होती तेव्हा. परक्याकडे बघण्याच्या नजरेवर बोलायची एवढी मोठी संधी अमेरिकी सिनेमाला १९५१ नंतर क्वचितच आली असेल. ती पर्यावरणाच्या प्रवचनात वाया घालवली. पर्यावरणाचा प्रश्न खोटा नाही, पण तो मांडायला पाहुण्याला जल्लाद करायची गरज नव्हती.

कुणी म्हणेल, जुना क्लाटूही शेवटी धमकीच देतो. देतो. सुधारा, नाहीतर यंत्रमानवांकरवी पृथ्वीची राख करू, हा त्याचा शांततेचा मार्ग मलाही पटत नाही. पण तो आधी इशारा द्यायला येतो. जगाची वीज अर्धा तास बंद करतानाही रुग्णालयं आणि उडती विमानं वगळतो. दारात उभं राहून बोलणारा आणि थेट घर पाडायला आलेला, यांच्यात फरक नाही का?

'जुनं ते सोनं' म्हणणाऱ्यांतला मी नाही. 'इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स'चा १९७८ चा रिमेक फिलिप कॉफमनने केला. १९५६ च्या चित्रपटातलं लहान गाव सोडून त्याने कथा सॅन फ्रान्सिस्कोत नेली आणि 'आपल्या जवळचं माणूस खरंच आपलं उरलंय का?' हा प्रश्न महानगराच्या गर्दीत आणखी धारदार केला. रिमेक असा असावा. गाव बदला, वेश बदला, यंत्रं बदला. पण मूळ कथेने ज्यांना जाब विचारला होता, त्यांना सोडून देऊ नका.

म्हणून रिमेक पाहताना तबकडी किती चकचकीत आहे ते मोजत बसू नका. एवढंच विचारा : यात परक्याला राहायला खोली आहे का?