तरंगणारा त्रिकोण आणि माळ्यावरचा टीव्ही

मागच्या आठवड्यात भाच्याने मला एक व्हिडिओ पाठवला. टेबलावर चंदेरी कागद लावलेला एक त्रिकोण. ना पंखा, ना मोटर. बटण दाबताच तो वर उठतो आणि बांधलेले दोरे ताणून हवेत थांबतो. खाली लिहिलेलं : ‘गुरुत्वाकर्षणावर मात!’ पाठोपाठ भाच्याचा प्रश्न आला, “मावशी, माळ्यावरचा जुना टीव्ही उघडू का? त्यातूनच वीज घेतात म्हणे.”

तुमच्याही घरात असा एखादा हौशी असेल, म्हणून आज या त्रिकोणाबद्दलच बोलू या.

आधी हे सांगते, की असे त्रिकोण खरोखर तरंगतात. त्यांना ‘लिफ्टर’ म्हणतात. बाल्सा लाकडाच्या हलक्या काड्यांचा सांगाडा, वर एक बारीक तार आणि तिच्या काही सेंटीमीटर खाली ॲल्युमिनियम फॉइलची पट्टी, एवढाच त्याचा संसार. तार आणि फॉइल यांच्यात २०-३० हजार व्होल्टचा दाब दिला, की तारेजवळच्या हवेत आयन तयार होतात. ते फॉइलकडे धावतात आणि वाटेतल्या साध्या हवेलाही खाली ढकलतात. वारा खाली जातो, त्रिकोण वर. अंधारात तार जांभळट चमकते, सूं असा आवाज येतो, ओझोनचा उग्र वास सुटतो.

थॉमस टाउनसेंड ब्राउन या अमेरिकन संशोधकाला मात्र यात गुरुत्वाकर्षणाशी काही नातं असावं असं वाटलं. १९२८ साली त्याला ब्रिटिश पेटंटही मिळालं, आणि ती कल्पना आजही व्हिडिओंमधून फिरते आहे. पण ढकलायला हवाच नसेल तर? निर्वात पोकळीत लिफ्टर उचलला जात नाही. शिवाय व्हिडिओत नीट पाहा, वीज पुरवणारं जड यंत्र टेबलावरच असतं. त्रिकोण जेमतेम स्वतःचे काही ग्रॅम उचलतो.

वीजपुरवठा सोबत घेऊन उडणारं विमान २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या स्टीव्हन बॅरेट यांच्या गटाने दाखवलं. पाच मीटर पंख, अडीच किलोहून थोडं कमी वजन, ४० हजार व्होल्ट. आणि एका व्यायामशाळेच्या सभागृहात उड्डाण साधारण ६० मीटर! मला तर गुरुत्वाकर्षणाच्या गप्पांपेक्षा हेच जास्त नवलाचं वाटतं.

आता टीव्हीचं. कृपा करून उघडू नका. जुन्या काचेच्या पिक्चर ट्यूबला २५ हजार व्होल्टच्या आसपास दाब लागतो, आणि प्लग काढल्यावरही ती ट्यूब वीज साठवून ठेवू शकते. ‘बंदच तर आहे’ म्हणून हात घालणाऱ्याला ती जबर झटका देते. टीव्ही चालू ठेवून तिथून वीज घेणं तर जिवावर बेतू शकतं. रबरी चपला घातल्या म्हणजे झालं, असंही समजू नका.

भाच्याला मी दुसरा उद्योग दिला. प्लास्टिकच्या पातळ पिशवीची दोन बोटं रुंदीची, बांगडीसारखी कडी कापायची. ती आणि पीव्हीसी पाइप, दोन्ही एकाच लोकरी कापडाने खसाखसा घासायचं. कडी उंचावरून सोडायची आणि पाइप तिच्याखाली धरायचा. दोघांवर सारखाच विद्युतभार, त्यामुळे कडी पाइपावर तरंगत राहते. गंमत म्हणजे इथेही दाब हजारो व्होल्टचा असतो, पण साठलेली वीज इतकी थोडी की फार तर चट् असं होईल.

दिल्ली-नागपूरच्या कोरड्या थंडीत हे झकास जमतं. मुंबई-चेन्नईच्या दमट हवेत भार लगेच निघून जातो, तिथे एसीच्या खोलीत करून पाहा. कडी हाताला किंवा नाकाला येऊन चिकटली तर प्रयोग फसला असं समजू नका. अंगावर तसा भार नसतो, म्हणून ती आपल्याकडे ओढली जाते. भाच्याची पहिली कडी आजीच्या पदराला चिकटली होती.