नखसज्जेचे प्रशिक्षण : प्रमाणपत्राआधी सुरक्षिततेचा प्रश्न

सप्टेंबर २०२५ मध्ये तीन आठवड्यांच्या अंतराने दोन निर्णय लागू झाले. १ सप्टेंबरपासून युरोपीय संघाने ‘टीपीओ’ या रसायनाच्या सौंदर्यप्रसाधनांतील वापरावर बंदी घातली. दिव्याच्या प्रकाशात जेल पॉलिश घट्ट होण्यासाठी हे रसायन वापरले जाते. २२ सप्टेंबरपासून भारतात सलून व सौंदर्यसेवांवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. पहिल्या निर्णयाने या व्यवसायातील रसायनांविषयी सावधगिरीचा इशारा दिला, तर दुसऱ्याने त्याच व्यवसायाच्या विस्ताराला वाव दिला. या दोन्हींचा परिणाम ज्या व्यक्तीच्या रोजच्या कामावर होतो ती म्हणजे नेल टेक्निशियन. तिच्या प्रशिक्षणाकडे मात्र धोरणकर्त्यांचे, अकॅडमींचे आणि अनेकदा तिचे स्वतःचेही पुरेसे लक्ष नाही.

नखांची निगा राखणे हे भारताला नवे नाही. गावगाड्यातील बारा बलुतेदारांपैकी न्हावी केसांबरोबर नखेही काढत असे. मेंदी आणि आळता ही तर सणसमारंभांची ओळखच. आजची नखसज्जा मात्र वेगळ्या उगमाची आहे. कृत्रिम नखांचा ॲक्रिलिक पदार्थ दंतवैद्यकातून आला आणि अमेरिकेत त्याचा व्यवसाय झाला. १९७५ मध्ये व्हिएतनाममधून कॅलिफोर्नियात आलेल्या २० निर्वासित स्त्रियांना अभिनेत्री टिपी हेड्रन यांच्या पुढाकाराने हे काम शिकवले गेले. पुढे अमेरिकेतील या उद्योगावर व्हिएतनामी समाजाचा ठसा उमटला. कमी भांडवल, कमी कालावधीचे शिक्षण आणि स्वतःचे उत्पन्न हे त्या यशाचे सूत्र होते. भारतातील महानगरांपासून जिल्ह्याच्या ठिकाणांपर्यंत आज हेच सूत्र हजारो तरुणींना या क्षेत्राकडे खेचत आहे. दिल्ली, मुंबई, बेंगळुरू येथील सलूनमध्ये ईशान्य भारतातील तरुणींचा वाटा ठळकपणे दिसतो. लहान शहरांत लग्न झाल्यानंतर घरच्या घरी व्यवसाय सुरू करू पाहणाऱ्या स्त्रियाही या शिक्षणाकडे वळत आहेत.

प्रशिक्षणाचे तीन मार्ग

सध्या या क्षेत्रात येण्याचे साधारण तीन मार्ग आहेत. पहिला औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचा, म्हणजेच आयटीआयचा. तेथील कॉस्मेटॉलॉजी हा एक वर्षाचा अभ्यासक्रम दहावी उत्तीर्णांसाठी असून त्यात त्वचा, केस आणि हातापायांची निगा यांचा एकत्रित अभ्यास होतो. शासकीय संस्थांतील शुल्क अल्प असते आणि मिळणारे राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र देशभर ग्राह्य धरले जाते. मर्यादा एवढीच की नखसज्जा हा त्यातील केवळ एक भाग असतो.

दुसरा मार्ग अल्पमुदतीच्या कौशल्य योजनांचा. ब्युटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिल या क्षेत्रीय परिषदेने मॅनिक्युअर-पेडिक्युअर आणि नखसज्जेच्या कामांसाठी पात्रता मानके तयार केली आहेत. राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यानुसार त्यांचे स्तर ठरतात. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेसारख्या योजनांतून काही शे तासांचे प्रशिक्षण आणि त्यानंतर त्रयस्थ मूल्यमापन अशी रचना असते. अनुभवातून काम शिकलेल्यांना पूर्वप्राप्त कौशल्याची मान्यता मिळवण्याची सोयही आहे.

तिसरा आणि सर्वाधिक दिसणारा मार्ग खासगी अकॅडमींचा. तीन दिवसांच्या कार्यशाळेपासून तीन महिन्यांच्या ‘डिप्लोमा’पर्यंत अनेक प्रकार येथे उपलब्ध आहेत. काही अकॅडमी अत्यंत गांभीर्याने शिकवतात. तथापि ‘आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र’ या शब्दामागे कोणती संस्था आहे, तिला कोणाची मान्यता आहे आणि परीक्षा कोण घेते, हे जाहिरातीत क्वचितच स्पष्ट असते. भारतात नेल टेक्निशियनला व्यक्तिगत परवाना घेण्याचे बंधन नाही. दुकानाची नोंदणी होते, पालिकेचा परवाना लागतो; परंतु ग्राहकाच्या बोटांवर रसायन लावणाऱ्या हातांची परीक्षा कोणताही कायदा घेत नाही.

अमेरिकेत हेच काम करण्यासाठी न्यूयॉर्क राज्यात २५०, कॅलिफोर्नियात ४०० आणि टेक्सासमध्ये ६०० तासांचे प्रशिक्षण घेऊन परवाना मिळवावा लागतो. परवाना हा सर्व प्रश्नांवरील उपाय नव्हे. २०१५ मध्ये न्यूयॉर्कमधील सलून कामगारांचे आर्थिक शोषण आणि आरोग्याची हेळसांड वृत्तपत्रीय शोधातून पुढे आली, तेव्हा तेथेही परवाना पद्धत होतीच. त्यानंतर हातमोजे, मास्क आणि कामगारांच्या हक्कांची अनेक भाषांतील सूचना सलूनमध्ये लावणे यांसंबंधी नियम करावे लागले. परवाना हा आरंभ ठरतो, तपासणी आणि कामगारांचे हक्क त्याच्या जोडीला असावे लागतात, हा त्यातील धडा आहे.

कौशल्य हातात, धोका त्वचेला

अल्पमुदतीच्या प्रशिक्षणात कोणता भाग वगळला जातो हा येथे कळीचा मुद्दा आहे. रंगसंगती, फुलांचे नक्षीकाम, खडे बसवणे, लांबी वाढवणे यांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर ग्राहक आणतात. त्यामुळे अभ्यासक्रमाचा बहुतेक वेळ तेथेच जातो. या व्यवसायातील गंभीर चुका मात्र नक्षीकामात होत नाहीत. रसायन, उपकरणे आणि त्वचा यांच्या हाताळणीत त्या होतात.

जेल आणि ॲक्रिलिक हे दोन्ही ॲक्रिलेट वर्गातील पदार्थ आहेत. पूर्ण घट्ट झालेले नख सहसा त्रास देत नाही. त्रास होतो तो अर्धवट घट्ट झालेल्या किंवा त्वचेवर ओघळलेल्या द्रवामुळे. एका कंपनीचे जेल दुसऱ्याच क्षमतेच्या दिव्याखाली ठेवले, थर जाड दिला किंवा वेळ वाचवला की वरून कडक दिसणारे नख आतून कच्चे राहते. असा संपर्क वारंवार घडल्यास ॲलर्जी जडू शकते आणि एकदा जडलेली ही ॲलर्जी बहुधा आयुष्यभर राहते. दातांत भरले जाणारे काही पदार्थ आणि सांधेरोपणात वापरले जाणारे सिमेंटही याच रासायनिक कुळातील असल्याने पुढील वैद्यकीय उपचारांतही अडचण येऊ शकते. ब्रिटनच्या त्वचारोगतज्ज्ञ संघटनेने २०१८ मध्ये याविषयी जाहीर इशारा दिला. तेथील व आयर्लंडमधील रुग्णालयांत तपासलेल्या त्वचारुग्णांपैकी २.४ टक्के व्यक्तींना किमान एका मेथाक्रिलेटची ॲलर्जी आढळली होती.

ग्राहक महिन्यातून एक-दोनदा या रसायनांच्या सान्निध्यात येतो, तर टेक्निशियन रोज सात-आठ तास. म्हणून पहिला धोका तिलाच आहे. साधे पातळ हातमोजे हे द्रव फार काळ अडवत नाहीत. डाग पडताच ते बदलावे लागतात. कापडी किंवा शस्त्रक्रियेचा मास्क वाफ रोखत नाही. नख घासताना उडणारी सूक्ष्म धूळ आणि वाफ टेबलापाशीच ओढून घेणारी व्यवस्था लागते. बंद वातानुकूलित खोलीत ही व्यवस्था नसेल तर दिवसभराची हवा तीच राहते.

रसायनांची निवड हाही प्रशिक्षणाचाच विषय आहे. मिथाईल मेथाक्रिलेट या स्वस्त द्रवामुळे नखांना व त्वचेला इजा झाल्याच्या तक्रारींवरून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७० च्या दशकाच्या प्रारंभीच कारवाई केली होती. त्याऐवजी इथाईल मेथाक्रिलेट वापरणे हा जबाबदार व्यवसायाचा दंडक मानला जातो. ‘हेमा’ या नावाने ओळखला जाणारा घटक युरोपात २०२१ पासून केवळ व्यावसायिकांनीच वापरावा असे बंधन आहे. भारतात २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार उत्पादनाला परवाना आणि आयातीला नोंदणी आवश्यक आहे. तरीही बाटलीवरील घटकांची यादी वाचता येत नसेल, तर प्रशिक्षणार्थी केवळ रंग आणि किंमत पाहूनच खरेदी करते.

निर्जंतुकीकरणाची स्थिती याहून वेगळी नाही. निळ्या प्रकाशाच्या पेटीत ठेवलेली हत्यारे निर्जंतुक झाली, असा समज सर्वत्र आढळतो. धातूची हत्यारे आधी घासून धुणे, मग जंतुनाशक द्रावणात ठरलेला वेळ बुडवणे आणि शेवटी ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखालील वाफेने निर्जंतुक करणे हा योग्य क्रम आहे. कानस आणि बफर पुन्हा वापरायचे नसतात. क्युटिकल कापताना रक्ताचा थेंब आला आणि तेच हत्यार पुढच्या ग्राहकाला लागले, तर हेपटायटिस बी आणि सी यांसारख्या विषाणूंच्या प्रसाराचा धोका असतो.

भारताच्या संदर्भात आणखी एक बाब दुर्लक्षून चालणार नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहभागाने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख व्यक्तींना मधुमेह आहे. मधुमेहात पायाची संवेदना कमी झाल्यास पेडिक्युअर करताना झालेली किरकोळ जखम लक्षात येत नाही आणि ती चिघळू शकते. ग्राहक खुर्चीत बसण्यापूर्वी त्याला मधुमेह आहे का, हे विचारणे आणि गरज पडल्यास काम नाकारणे हे कौशल्य कोणत्याही नक्षीकामापेक्षा अधिक मोलाचे आहे. नखाचा बदललेला रंग, बुरशी किंवा सूज ओळखून ग्राहकाला डॉक्टरांकडे पाठवणे हाही त्याचाच भाग. निदान करणे हे टेक्निशियनचे काम नाही. आपल्या कामाची मर्यादा कोठे संपते हे मात्र तिला ठाऊक असलेच पाहिजे.

उत्पन्नाचे गणित

या व्यवसायाची आर्थिक ताकद नखाच्या वाढीतच दडलेली आहे. हाताचे नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढते. त्यामुळे दोन-तीन आठवड्यांनी मुळाशी फट दिसू लागते आणि ग्राहकाला रिफिलिंगसाठी परत यावे लागते. समाधानी ग्राहक म्हणजे नियमित उत्पन्न. नवख्या हाताला कृत्रिम नखांच्या पूर्ण संचासाठी तीन तास लागत असतील, तर आठ तासांत दोनच ग्राहक होतात. दीड तासात तेच काम जमू लागले की संख्या दुप्पट होते. हा वेग तीन दिवसांच्या कार्यशाळेत येत नाही. तो अनेक महिन्यांच्या देखरेखीखालील सरावातून येतो. वेग येण्यापूर्वी कर्ज काढून दुकान थाटणाऱ्यांची अडचण येथूनच सुरू होते.

भांडवलासाठी मुद्रा योजनेतील शिशु गटात ५० हजार रुपयांपर्यंत आणि किशोर गटात ५ लाखांपर्यंत कर्जाची तरतूद आहे. पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ पारंपरिक व्यवसायांत न्हावी आहे, ब्युटी पार्लर किंवा नखसज्जा नाही. घरपोच सेवेच्या ॲपवरून काम करणाऱ्या स्त्रियांसाठी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेली सामाजिक सुरक्षा संहिता महत्त्वाची आहे. तिच्यात गिग कामगारांची व्याख्या असून त्यांच्या कल्याणासाठी ॲग्रिगेटर कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के अंशदान देण्याची तरतूद आहे. रसायनांमुळे झालेला त्वचाविकार या संरक्षणात प्रत्यक्ष कसा सामावला जातो, यावर तिचे मोल ठरेल.

शासकीय योजनांचीही परीक्षा येथेच आहे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेत सादर झालेल्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालाने कौशल्य विकास योजनेतील नोंदींच्या विश्वासार्हतेवर बोट ठेवले. अल्पमुदतीच्या प्रशिक्षणातून आणि विशेष प्रकल्पांतून प्रमाणित झालेल्यांपैकी सुमारे ४१ टक्के उमेदवारांनाच रोजगार मिळाल्याचे त्यात नमूद आहे. हे आकडे सर्व क्षेत्रांचे आहेत. तरीही प्रमाणपत्र आणि रोजगार यांतील अंतर त्यातून स्पष्ट होते.

काय विचारावे, काय बदलावे

शुल्क भरण्यापूर्वी विद्यार्थिनीने काही प्रश्न विचारणे हिताचे ठरेल. अभ्यासक्रम राष्ट्रीय पात्रता नोंदवहीत आहे का, हे ऑनलाइन तपासता येते. एका प्रशिक्षिकेमागे किती विद्यार्थिनी असतात? सराव प्लास्टिकच्या बोटांवर होतो की प्रत्यक्ष हातांवर, आणि किती संचांचा? ऑटोक्लेव्ह आणि हवा ओढणारी यंत्रणा वर्गात आहे का? साहित्याचा खर्च शुल्कात समाविष्ट आहे का? मूल्यमापन अकॅडमी स्वतः करते की बाहेरची संस्था? या प्रश्नांची लेखी उत्तरे देण्यास जी संस्था टाळाटाळ करते, तिच्या भिंतीवरील प्रमाणपत्रांचा उपयोग मर्यादितच मानावा लागेल.

धोरणाच्या पातळीवर सर्वांना एकाएकी परवाना सक्तीचा केल्यास घरातून काम करणाऱ्या असंख्य स्त्रिया कायद्याच्या बाहेर फेकल्या जातील. त्याऐवजी निर्जंतुकीकरण, रसायनांची ओळख आणि मधुमेही ग्राहकांची काळजी एवढ्यापुरता छोटा, अल्पखर्ची आणि मराठीसह सर्व भारतीय भाषांत उपलब्ध असा अनिवार्य सुरक्षा अभ्यासक्रम आखणे व्यवहार्य ठरेल. पालिकेच्या सलून परवान्याच्या नूतनीकरणाशी तो जोडता येईल. आधीपासून काम करणाऱ्यांना पूर्वप्राप्त कौशल्याच्या मान्यतेतून तो पूर्ण करता येईल. कर कमी झाल्याने वाढणाऱ्या व्यवसायातून एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

नेल टेक्निशियनची सर्व मिळकत तिच्या दहा बोटांवर अवलंबून असते. चुकीच्या सवयींमुळे तिलाच ॲलर्जी जडली, तर शिकण्यासाठी भरलेले शुल्क, जोडलेले ग्राहक आणि कमावलेला वेग हे सर्व एकाच वेळी हातचे जाते. नक्षीकाम नंतरही शिकता येते. तिचे हात सुरक्षित ठेवणारे शिक्षण मात्र पहिल्या दिवशीच मिळायला हवे.